सावलीतली वाट आणि कुत्र्याची धाप

मे महिन्याच्या सुट्टीत नेरळहून माथेरानचा घाट चढणाऱ्या गाड्यांच्या मागच्या खिडकीतून कुत्र्याचे डोके बाहेर आलेले आता वरचेवर दिसते. आपल्या वस्त्यांमध्ये आणि वसाहतींमध्येही कुत्रे केवळ राखणीपुरते राहिलेले नाही. पावसात जिन्याखाली सापडलेले गावठी पिल्लू असो की मुलांच्या हट्टापायी आणलेला पग असो, काही महिन्यांत ते घरातले एक माणूस होऊन बसते. यात नवल काही नाही. राजगृहातील १९३४ सालच्या कौटुंबिक छायाचित्रात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत टोबी नावाचा कुत्राही आहे, हे वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. घरातल्या माणसाला कुलूपबंद ठेवून सहलीला कसे जायचे, म्हणून मग त्यालाही बरोबर घेतले जाते.

जरूर घ्यावे. कुत्र्यामुळे माणसाचे चालणे होते, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या या काळात ते औषधाइतकेच मोलाचे आहे. मात्र गर्द झाडीत, भर सावलीतही कुत्र्याला उष्माघात होतो आणि त्यात ते दगावू शकते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उन्हात नेऊ नये एवढे सर्वांना कळते. सावलीबद्दल मात्र सगळे निर्धास्त असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

माथेरानचेच उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचे हे पठार. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते ‘शोधले’ असे पुस्तकांत लिहिलेले असते. आजूबाजूचे ठाकर, कातकरी आणि धनगर त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे चढत-उतरत होते, ही गोष्ट वेगळी. २००३ साली हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा ई-रिक्षाने जायचे, नाहीतर अमन लॉजहून छोट्या गाडीने. पुढे सगळ्या पॉइंटांकडे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा आहेत. दोन्ही बाजूंना जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, आणि डोक्यावर फांद्यांचे छत. गाडीखाली येण्याची भीती नाही, पायाखाली डांबर नाही. कुत्र्याला घेऊन चालायला याहून चांगली जागा मुंबईच्या जवळपास शोधून सापडणार नाही, असे वाटते. आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे.

हवा उंचीप्रमाणे थंड होत जाते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. म्हणजे मे महिन्यात कर्जत-नेरळच्या पट्ट्यात पारा चाळिशीला टेकला, तर माथेरानला तो पस्तिशीच्या आसपास असणार. झाडाखाली उभे राहिले की घाम वाळतो, मन प्रसन्न होते. आपल्याला बरे वाटले, म्हणजे कुत्र्यालाही बरे वाटत असेल असे आपण गृहीत धरतो. पण त्याचे शरीर थंड होण्याची रीतच निराळी आहे.

नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही

माणसाच्या अंगभर घामाच्या ग्रंथी आहेत. कुत्र्याच्या उपयोगी पडतील अशा ग्रंथी पंजांच्या तळव्यांत आहेत, त्याही नावापुरत्या. त्याचा खरा भरवसा जिभेवर. तोंड, जीभ आणि नाक यांच्या ओल्या अस्तरावरून तो झपाझप हवा फिरवतो. त्या हवेने ओल उडून जाते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. विश्रांतीत मिनिटाला पंधरा ते तीस श्वास घेणारे कुत्रे धापा टाकू लागले की हा आकडा दोनशेच्या वर जातो.

विदर्भातल्या वाचकांना हे पटकन कळेल. नागपूरला मे महिन्यात वाळ्याचा कूलर लावला की खोली गारठते. तोच कूलर कुर्ल्याच्या खोलीत लावा, भिंती ओल्या होतील, अंग चिकट होईल, गारवा येणार नाही. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलरचे पाणी तिच्यात मावत नाही. माठाचेही तसेच. कुत्र्याचे तोंड हा एक कूलरच आहे. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, दमट हवेत कुचकामी ठरतो.

आता गर्द झाडीतली हवा पाहा. पाने वाफ सोडत असतात, समुद्राकडून दमट वारे आलेले असतात, आणि दाट झाडांमुळे ते खाली हलत नाहीत. मे अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना तर पान हलत नाही अशी दुपार असते. तापमापक बत्तीस अंश दाखवतो, आपण म्हणतो किती छान, आणि कुत्र्याचा कूलर मात्र जवळपास बंद पडलेला असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शरीर तापवणाऱ्या दोन चुली असतात. एक बाहेरची, म्हणजे ऊन. दुसरी आतली, म्हणजे हालचाल करणारे स्नायू. सावलीने पहिली चूल विझते, दुसरीला सावलीचे काही घेणे-देणे नाही. चढावर चालताना, माकडामागे धावताना, मुलांनी फेकलेली काटकी दहा वेळा आणून देताना ती आतली चूल भडकलेलीच असते.

ब्रिटनमधील रॉयल व्हेटर्नरी कॉलेज आणि नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदी तपासून २०२० साली निष्कर्ष मांडले. उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुत्री चालण्या-धावण्यामुळे आजारी पडली होती. बंद गाडीत राहून आजारी पडलेली शंभरात पाचच्या आसपास होती. म्हणजे ज्या बंद गाडीची आपण धास्ती घेतो, तिच्यापेक्षा आपण हौसेने घडवलेला व्यायाम कितीतरी जास्त कुत्र्यांना भोवतो. हा इंग्लंडच्या हवेतला हिशेब आहे. आपल्याकडचा मे महिना तिथे कोणी पाहिलेलाही नसेल.

बरे, कुत्रे थांबत का नाही? दमले की बसेल, असे लोक म्हणतात. काही कुत्री बसतात. बहुतेक बसत नाहीत. मालक पुढे चालला आहे म्हणून ती चालत राहतात, आणि पाय लटपटेपर्यंत चालतात. त्याला आपण इमानीपणा म्हणतो. त्या इमानाची किंमत त्याने जिवाने मोजू नये, हे पाहणे आपले काम.

कोणाला नेऊच नये

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींना उन्हाळ्यात डोंगरावर चालायला नेऊ नये, असे स्पष्टच सांगतो. त्यांची नाकपुडी अरुंद, घशाची वाट अडखळलेली. कूलरची जाळीच बुजलेली म्हणा ना. मोबाइलच्या जाहिरातीत गोंडस दिसलेला पग गेल्या वीस वर्षांत घरोघरी पोहोचला. तो घोरतो त्याचे लोकांना कौतुक वाटते. ते घोरणे म्हणजे श्वासाची ओढाताण असते. हस्कीसारख्या दाट केसांच्या थंड मुलखातल्या जातींचेही तेच. लठ्ठ, म्हातारे, हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेले कुत्रे, अगदी लहान पिल्लू, गाभण कुत्री, यांनाही घरीच ठेवावे. शेजारणीकडे एक दिवस राहिल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

गावठी कुत्रे या सर्वांत काटक. लांब नाक, आखूड केस, सडपातळ बांधा, आपल्या हवेला सरावलेले. पण सरावलेले म्हणजे जो रोज बाहेर असतो तो. फ्लॅटमध्ये पंख्याखाली वाढलेले आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे खाली उतरणारे गावठी कुत्रे एका रविवारी अचानक आठ किलोमीटर चालू शकत नाही. त्याला निदान दोन-तीन आठवडे आधीपासून रोज थोडे थोडे वाढवत न्यावे. ही सवय त्याच्याबरोबर आपल्या गुडघ्यांनाही लागेल.

निघण्यापूर्वी जागेची चौकशी करावी. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत पाळीव कुत्रे नेता येत नाही. बोरिवलीचे संजय गांधी उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर ही सगळी त्यात आली. हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागे कारण आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग वन्यप्राण्यांत शिरतो. २०१८ साली गीरमध्ये जे सिंह मेले, त्यांच्यात या विषाणूची लागण आढळली होती. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित लेण्यांतही प्राणी चालत नाहीत. कार्ला, भाजे, कान्हेरी पाहायला सहकुटुंब जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. नाहीतर वर सगळे लेणी पाहत बसतात आणि कुत्रे खाली गाडीत. बंद गाडीतली हवा पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी तापू शकते, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

वेळ, वाट आणि पाणी

उन्हाळ्यात पहाटे निघावे हा आपला जुना शिरस्ता. कुत्रे बरोबर असेल तर त्याला एक मुरड घालावी लागते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. म्हणून अंधारात निघू नये. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडते. सव्वासहाला चालू लागावे आणि नऊच्या आत, काही झाले तरी साडेनऊपर्यंत मुक्कामी परतावे. संध्याकाळी साडेपाचनंतर आणि काळोख पडायच्या आत. मधला सगळा वेळ पंख्याखाली. हॉटेलवाले कुत्र्याला ठेवून घेतात की नाही ते आधी फोन करून विचारावे, दस्तुरीवर उभे राहून नव्हे.

वाटही निवडून घ्यावी. नेरळहून पायवाटेने चढणे किंवा भिवपुरीकडून गार्बटच्या पठारावरून वर येणे पावसाळ्यात सुरेख असते. मे महिन्यात तिथे नुसते वाळलेले गवत आणि तापलेला कातळ. या वाटांचा धोका परतताना कळतो. सकाळी चढताना गार असते, वर गर्द झाडीत दोन तास मजेत जातात, आणि अकरा वाजता उतरायला लागल्यावर तोच कातळ तव्यासारखा झालेला असतो. कुत्रे आधीच दमलेले, पाणी संपलेले, आणि सावली वरच राहिलेली. त्यापेक्षा दस्तुरीपर्यंत गाडीने जावे आणि वरच्या वाटांवरच फिरावे. मुख्य रस्त्याच्या काही भागावर आता पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. ते मातीपेक्षा जास्त तापतात. हाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

पट्टा सोडू नये. माथेरानच्या वाटांवर घोडे सतत ये-जा करतात. कुत्रे भुंकले आणि घोडा बुजला, तर वर बसलेले माणूस खाली येते. घोडा दिसला की वाटेच्या कडेला, दरी नसलेल्या बाजूला, कुत्र्याला पायाशी घेऊन उभे राहावे. माकडे तर प्रत्येक पॉइंटवर हजर असतात, आणि माकडामागे सुटलेल्या कुत्र्याला कडा दिसत नाही. पट्टा गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा घ्यावा, म्हणजे ओढाताणीत श्वासनलिका दाबली जात नाही. तोंड घट्ट बंद करणारी कापडी जाळी उन्हाळ्यात कधीही घालू नये. तोंड उघडता आले नाही तर धाप कशी टाकणार? जाळी लागतच असेल तर पिंजऱ्यासारखी, आत तोंड पूर्ण उघडता येईल अशी घ्यावी.

वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला एक ते सव्वा लिटर पाणी लागते. चालताना त्याहून बरेच जास्त. त्याच्यासाठी म्हणून निराळ्या दोन लिटरच्या बाटल्या घ्याव्यात, एक प्यायला आणि एक अंगावर ओतायला. श्रीखंडाचा रिकामा डबा वाडगे म्हणून उत्तम. वाटेवरच्या साचलेल्या डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये. लेप्टोस्पायरोसिस तिथूनच येतो, आणि तो कुत्र्यापासून माणसाला होतो. शारलोट तलाव हे गावाचे पिण्याचे पाणी आहे, त्यात कुत्र्याला डुंबवू नये. निघण्याच्या आधी दोन-तीन तास हलके खायला द्यावे, भरल्या पोटी चालवू नये.

चालताना दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे, त्याने मागितले नाही तरी. पाणी ठेवावे आणि घड्याळ पाहावे. पाच-सात मिनिटांत धाप ओसरून तोंड मिटले, तर पुढे जायला हरकत नाही. ओसरली नाही, तर पॉइंट अर्ध्या किलोमीटरवर असला तरी तिथूनच मागे फिरावे.

धोका कसा ओळखायचा

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्तच. म्हणून हात लावून ‘अंग गरम लागते’ या अंदाजाला अर्थ नाही. ते ४१ अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, यकृत आणि आतड्याचे अस्तर यांची हानी सुरू होते.

पहिली खूण जिभेची. साधी धाप टाकताना जीभ थोडी बाहेर असते. त्रास सुरू झाला की ती लांब लोंबते आणि टोकाशी रुंद, पळीसारखी होते. लाळ घट्ट, चिकट होते. श्वासाला घरघर येते. कुत्रे मागे रेंगाळते, झुडपाखाली शिरून पोट जमिनीला टेकवते, हाक मारल्यावर बघत नाही. हिरड्या लालभडक दिसतात. इथे थांबलो तर बहुधा निभावते. यानंतर चाल लटपटते, उलटी होते, रक्ताचे जुलाब होऊ शकतात, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर पडतात, झटके येतात, शुद्ध जाते.

अशा वेळी पहिला विचार येतो तो डॉक्टरकडे पळण्याचा. माथेरानच्या एखाद्या टोकाच्या पॉइंटवरून दस्तुरी, दस्तुरीहून घाट उतरून नेरळ, तिथून कर्जत किंवा बदलापूरचा पशुवैद्य, म्हणजे सहज दीड-दोन तास. इस्रायलमधील एका पशुवैद्यकीय रुग्णालयाने १९९९ ते २००४ या काळातील उष्माघाताच्या ५४ कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांतली निम्मी दगावली, आणि दवाखान्यात पोहोचायला दीड तासाहून अधिक वेळ लागणे हे धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक होते. म्हणून आजचे पशुवैद्यक सांगते की आधी थंड करा, मग हलवा. त्या झाडाखालची पहिली दहा-पंधरा मिनिटे हाच उपचार आहे.

करायचे ते असे. पट्टा सैल करून कुत्र्याला सावलीत, वारा लागेल अशा जागी आडवे करावे. जवळचे सगळे पाणी, आपले पिण्याचेसुद्धा, त्याच्या पोटावर, जांघेत, काखेत, छातीवर, मानेवर ओतावे आणि केसांत बोटे घालून कातडीपर्यंत पोहोचवावे. मग टोपीने, ओढणीने, वर्तमानपत्राने, जे हाती असेल त्याने जोरजोरात वारा घालावा. पाणी आणि वारा दोन्ही हवेत, नुसत्या पाण्याने काम अर्धेच होते. जवळ दुकान किंवा हॉटेल असेल तर नळाखाली धरावे. कुत्रे तरुण आणि धडधाकट असेल तर पाण्याच्या टाकीत डोके वर ठेवून बुडवले तरी चालते. फार थंड पाणी ओतू नये, रक्तवाहिन्या आकसतात, असे पूर्वी सांगत. आताचा सल्ला असा की कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेले कोणतेही पाणी लगेच वापरावे, कोमट पाणी शोधण्यात वेळ घालवू नये. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये. काही मिनिटांत तोच गरम होतो आणि घोंगडीसारखा उष्णता धरून ठेवतो. कुत्रे कुडकुडू लागले किंवा धाप स्पष्ट कमी झाली की पाणी थांबवावे. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी समोर ठेवावे. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते.

इथे आपल्याकडच्या एका समजुतीबद्दल लिहायलाच हवे. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, ऊन लागले की कांद्याचा रस देतात. माणसाचे जाऊ द्या, कुत्र्याला कांदा विषारी आहे. कांद्याने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. उष्माघात झालेल्या कुत्र्याला कांद्याचा रस पाजणे म्हणजे एका संकटात दुसऱ्याची भर. क्रोसिन, ब्रुफेनसारख्या माणसाच्या गोळ्याही देऊ नयेत. त्या कुत्र्याला घातक ठरू शकतात, आणि हा ताप जंतूंमुळे आलेला नसल्याने त्यांचा उपयोगही होत नाही.

थंड केल्यावर उचलायचे. वीस-पंचवीस किलोचे कुत्रे एकट्याने दोन किलोमीटर नेता येत नाही. चादरीची किंवा जुन्या साडीची झोळी करून दोघांनी न्यावे. हातगाडी मिळाली तर बरेच. सहलीच्या पिशवीत एक चादर म्हणूनच टाकावी. नेरळ, कर्जत, बदलापूर, पनवेल, ज्या बाजूने परतणार तिथल्या पशुवैद्याचा नंबर आदल्या दिवशीच फोनमध्ये ठेवावा, कारण झाडीत नेटवर्क असेलच असे नाही. आणि कुत्रे उठून शेपटी हलवू लागले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडे निकामी होणे, रक्त न गोठणे हे परिणाम एक-दोन दिवसांनीही उघड होतात. बरे झाले म्हणून घरी नेलेले कुत्रे तिसऱ्या दिवशी जाऊ शकते.

आपल्या माणसांकडेही याच नजरेने पाहावे. चढावर सर्वांत जास्त धोका असतो तो म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना. डोके ठणकणे, मळमळ, पायांत गोळे, आणि मग असंबद्ध बोलणे. बोलणे बिघडले की तो उष्माघात समजावा आणि १०८ ला फोन लावावा. तोवर त्यांच्यावरही हेच उपचार, पाणी आणि वारा. कुत्र्यासाठी म्हणून जो दर पंधरा मिनिटांचा थांबा घ्यायचा, तो आजीलाही हवाच असतो. ती मागत नाही एवढेच.

दात, नखे आणि गोचीड

डोंगरावर जाणाऱ्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असलीच पाहिजे, पहिली तीन महिन्यांच्या वयाला आणि मग दर वर्षी. बाजारातली भटकी कुत्री अंगावर येतात, माकडेही चावतात. माणसाला कुत्रे किंवा माकड चावले, अथवा ओरखडा उठून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा खूप लांब असतात. हळद, चुना, मिरची, कॉफीची भुकटी काहीही भरू नये. मग त्याच दिवशी सरकारी रुग्णालय. लस तिथे मोफत मिळते, आणि रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते मागून घ्यावे. लसीच्या सगळ्या तारखा पाळाव्यात. पहिल्या दोन टोचण्या झाल्या की लोक जाणे सोडतात, ते जिवावर बेतू शकते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार नाही.

घरी परतल्यावर कुत्र्याला उजेडात बसवून बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतली बाजू, मान, काखा आणि शेपटीचे बूड चाचपावे. गोचीड तिथेच दडतात. त्यांच्यामुळे कुत्र्यांना एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार होतात. गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढावी, हातांनी चिरडू नये आणि काडीने चटका देऊ नये. स्वतःचे घोटे आणि कमरही तपासावी. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माणसांना माकडताप होतो, तोही जंगलातल्या गोचिडींमुळेच. त्या भागात फिरून आलेल्यांनी आठ-दहा दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. कुत्र्याच्या लघवीचा रंग मात्र पुढचे तीन-चार दिवस पाहत राहावा. ती चहासारखी काळपट दिसली, किंवा दिवसभर झालीच नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.